लहान नावेतील सामान आणि धीवराचा जीव

नागपूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते, असे आज सांगितले तर नव्या पिढीतील विद्यार्थ्याला ते खरे वाटणे कठीण आहे. अंबाझरी, तेलंगखेडी, गोरेवाडा, सोनेगाव, शुक्रवारी, नाईक तलाव, लेंडी तलाव ही नावे मात्र अद्याप टिकून आहेत आणि याच मालिकेत सक्करदऱ्याचे नाव घ्यावे लागते. भोसले राजघराण्याच्या वाड्याचा शेजार आणि ताजुद्दीन बाबांचे अखेरच्या वर्षांतील वास्तव्य यांमुळे सक्करदरा नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. तेथील तलाव मात्र आता वस्तीच्या वेढ्यात सापडलेले एक लहानसे पाणी म्हणूनच ओळखला जातो. असल्या पाण्यावर लाट म्हणून उठत नाही. एका काठावरून हाक मारली तर ती दुसऱ्या काठावर ऐकू जाते. विदर्भातील धीवर, भोई आणि ढीमर यांचा डोंगा ज्या पाण्यासाठी घडला, ते पाणी असे होते. गावतळी आणि मालगुजारी तलाव, उथळ आणि ओळखीचे.

सक्करदऱ्याच्या चौकातून निघणारा उमरेड रस्ता पुढे भिवापूरमार्गे पवनीकडे जातो. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या मागे पाण्याचा अफाट विस्तार पसरला. तळ्यावरचा धीवर आज अशा जलाशयावर जाळे टाकतो. परंतु त्याची नाव, त्या नावेत सामान ठेवण्याची रीत आणि ते बांधण्याची दोरी तळ्यावरचीच राहिली आहे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असलेल्या या दोन पाण्यांमधील अंतर कोणी मोजले नाही. शासनाने नाव दिली, जाळे दिले, विमाही दिला. नावेत ते जाळे कोठे आणि कसे बांधावयाचे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच टेबलावर आला नाही. प्रश्न किरकोळ दिसतो. वस्तुतः तो जीवनमरणाचा आहे.

मृत्यूची दखल

नाव उलटल्याच्या बातम्या विदर्भाला नवीन नाहीत. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा जणांना घेऊन गेलेली नाव उलटली आणि त्यांतील बहुतेकांना जलसमाधी मिळाली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून अकरा जण दगावले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा ओलांडणाऱ्या शेतमजूर महिलांवर तीच आपत्ती कोसळली. या घटना मासेमारीच्या नव्हत्या. त्या मुख्यतः माणसांच्या वाहतुकीच्या होत्या आणि त्यांची कारणेही वेगवेगळी असतील. तरीही नाव का उलटते याचे शास्त्र सर्वत्र एकच आहे, आणि माणसांऐवजी सामान घेऊन जाणाऱ्या धीवराला ते तितकेच लागू पडते.

भेद आहे तो दखल घेण्यात. दहा माणसे बुडाली की मंत्री भेट देतात, चौकशीचे आदेश निघतात. पहाटे एकटा जाळे ओढावयास गेलेला धीवर परत आला नाही तर जिल्हा पानावर चार ओळी येतात आणि ‘तोल जाऊन पाण्यात पडल्याने’ एवढ्या एका वाक्यात त्याच्या मृत्यूची मीमांसा संपते. तोल कशाने गेला? जाळे सरकले, की दोरी पायात अडकली? जाळे पाण्याखालच्या झाडात गुंतून नाव एका अंगावर कलली काय? या प्रश्नांची नोंदच होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्यावर उपायही नाही.

हे दुर्लक्ष केवळ विदर्भापुरते नाही. मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेविषयीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार १९७७ साली स्पेनमधील टोरेमोलिनोस येथे झाला. परंतु तो चोवीस मीटर आणि त्याहून अधिक लांबीच्या नौकांपुरता होता. जगातील बहुसंख्य मच्छीमार ज्या लहान नावांत बसतात, त्या त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. २००५ साली, आणि पुढे २०१२ साली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर दोन आंतरराष्ट्रीय संघटनांसह लहान आणि उघड्या नावांसाठी मार्गदर्शक शिफारसी तयार केल्या. पण त्या शिफारसीच होत, त्यांचे बंधन कोणावर नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगात मासेमारीशी निगडित मृत्यू वर्षाला एक लाखाहून अधिक असावेत असा अंदाज मांडला. पूर्वीचे अंदाज याच्या चौथाईइतकेच होते. मृत्यू एकाएकी चौपट झाले असे नव्हे. मोजणाऱ्यांचे लक्ष लहान नावांकडे गेले एवढाच त्याचा अर्थ.

पाणी बदलले, जाळे बदलले

‘धीवर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात वावरतो, त्याला नाव कशी सांभाळावी हे कोणी शिकवावे?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. विदर्भातील तळ्यांची, माशांची आणि ऋतूंची जी जाण या समाजापाशी आहे ती कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही. परंतु ज्ञान कितीही जुने आणि खरे असले, तरी ते ज्या साधनांभोवती वाढले ती साधने बदलली की त्याची पुन्हा पारख करावी लागते. गेल्या दोन पिढ्यांत एक सोडून तीन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली गोष्ट पाणी. वाऱ्याला धावावयास जितके लांब पाणी मिळेल तितकी लाट मोठी होते. तळ्यावर वळवाचा वारा सुटला तर पाणी थरथरते. गोसीखुर्द किंवा इटियाडोहसारख्या जलाशयावर तोच वारा काही मिनिटांत आखूड आणि उभ्या लाटा उठवतो. शिवाय धरणाच्या पोटात बुडालेली झाडे, कुंपणे आणि घरांच्या भिंती असतात. तळ्याचा तळ धीवराला पाठ असतो. जलाशयाचा तळ पाण्याच्या पातळीबरोबर रोज बदलतो.

दुसरी गोष्ट जाळे. सुताचे किंवा तागाचे जुने जाळे खोडात अडकले आणि जोराने ओढले की फाटत असे. नुकसान होई, पण नाव वाचे. नायलॉनचे जाळे, ज्याला गावोगावी तंगूस म्हणून ओळखतात, हलके आहे, कुजत नाही, मासळी अधिक देते आणि सहजासहजी तुटतही नाही. हा त्याचा गुण नावेच्या कडेला घट्ट गाठ मारलेली असताना दुर्गुण ठरतो. अडकलेल्या जाळ्याला ओढणारा माणूस एका अंगावर झुकतो आणि न तुटणारे जाळे नावेची तीच कड खाली खेचते. पूर्वी जाळे तुटत असे. आता नाव उलटते.

तिसरी गोष्ट स्वतः नाव. लाकडी डोंगा जड होता, संथ होता. त्यात पाणी भरले तरी लाकूड सहसा तळाला जात नसे. आता त्याची जागा लोखंडी पत्र्याच्या डोंग्याने आणि फायबरच्या नावेने घेतली आहे. दोन्ही टिकाऊ आहेत. फायबरची नाव तर वाहून नेण्यासही सोपी. परंतु हलकी नाव थोड्याशा भारानेही डोलते, आणि हवेचे बंद कप्पे नसतील तर पत्रा काय किंवा फायबर काय, पाणी भरताच तळ गाठते. ज्याला हेही परवडत नाही तो थर्मोकोलच्या लादीवर किंवा ट्रकच्या चाकातील हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे मांडीवर घेतो. तेथे सामान बांधावयास जागाच नसते. बांधावयाचे तर स्वतःच्या अंगाला.

भाराचे साधे गणित

नाव उलटणे ही दैवाची लीला नव्हे. ते शाळेत शिकविल्या जाणाऱ्या तरफेचे गणित आहे. चाळीस किलोचे ओले जाळे नावेच्या मध्यावरून अर्धा मीटर बाजूला सरकले, तर त्याचा परिणाम साठ किलोच्या माणसाने मध्यापासून फूटभर बाहेर झुकण्याइतका होतो. झुकलेला माणूस सावरतो, मागे येतो. सरकलेले जाळे मागे येत नाही. उलट नाव जितकी कलेल तितके ते आणखी खाली घसरते. म्हणून बांधलेला भार आणि सुटा भार वजनाने सारखे असले तरी धोक्याने सारखे नसतात.

पाण्याचे गणित याहून कठोर आहे. चार मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद तळाच्या नावेत दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर ते सुमारे तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलो होते. चार-पाच माणसांचे ते वजन एका जागी बसून राहत नाही; नाव ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते. पाणी उपसण्याचे भांडे सुटे ठेवले आणि ते पहिल्याच हिसक्याला पाण्यात गेले, तर एका क्षुल्लक डब्यापायी नाव हातची जाते.

बांधणे म्हणजे काय?

या गणितातून नावेत सामान बसविण्याचे जे नियम निघतात ते अवघड नाहीत. पहिला नियम असा की जड ते खाली आणि मध्यावर. जाळे फळीवर किंवा कडेवर रचू नये; नावेच्या मधल्या रेषेवर दोन आडव्या पट्ट्यांमध्ये बसविलेल्या उथळ खोक्यात ते घालावे. तरंगणाऱ्या बोयांची दोरी एका अंगाला आणि वजनांची दोरी दुसऱ्या अंगाला अशी घडी घातली, म्हणजे जाळे सोडताना पाय अडकत नाही. नांगराचा दगड मोकळा ठेवणे हे सर्वांत घातक. तो खोबणीत बसवून पट्ट्याने आवळला पाहिजे.

दुसरा नियम जोडकामाचा आहे. जाळ्याची किंवा नांगराची दोरी ज्या खुंटीला लावावयाची ती खिळ्याने ठोकून चालत नाही. फायबरच्या पातळ कवचात स्क्रू पिळला तर चार दिवस तो पक्का वाटतो; पण प्रत्येक हिसक्याबरोबर भोक मोठे होते आणि एके दिवशी खुंटी कवचाचा तुकडा घेऊनच निघते. खुंटी आरपार नटबोल्टाने बसवावी, कवचाच्या आतल्या बाजूस लाकडाची किंवा धातूची रुंद पट्टी द्यावी म्हणजे ओढ एका भोकावर न येता विस्तृत भागावर वाटली जाते, आणि भोकाच्या कडा पाणी झिरपू नये म्हणून नीट बुजवाव्यात. मागच्या फळीवर इंजिन असेल तर त्याचे पेच कंपनाने सैल होतात. पेचांखेरीज एक साखळी नावेला जोडलेली असलीच पाहिजे. खुंटीची जागाही महत्त्वाची. पुढच्या टोकावरून ओढ बसली तर नाव फिरून ओढीच्या दिशेला तोंड करते. मधल्या कडेवरून ओढ बसली तर ती आडवी होऊन कलते.

तिसरा नियम वरवर पाहता पहिल्या दोहोंच्या विरुद्ध आहे, पण तोच सर्वांत मोलाचा. जे नावेत राहावयाचे ते हलता कामा नये. जे पाण्याशी जोडलेले आहे ते क्षणात सुटले पाहिजे. जाळ्याची दोरी खुंटीला सरकगाठीने, म्हणजे एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने, लावावी आणि हाताशी धारदार सुरी असावी. दोरी मनगटाला अथवा कमरेला बांधण्याची सवय तर सर्वथा सोडली पाहिजे. जाळे गेले तर काही हजारांचे नुकसान होते. ते वाचविण्याच्या नादात संसार उघडा पडतो. अर्थात कर्ज काढून जाळे घेतलेल्या माणसाला हा हिशेब सांगणे सोपे आहे आणि त्या क्षणी तो करणे कठीण आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच गाठ आधीपासून सुटणारी हवी. संकटाच्या वेळी विचार करावा लागू नये.

एक वस्तू मात्र नावेत कधीही बांधून ठेवू नये, ती म्हणजे तरंगजाकीट. फळीखाली दोरीने बांधलेले नवे कोरे जाकीट पाहणीच्या दिवशी शोभून दिसते. नाव उलटल्यावर ते नावेबरोबर बुडते. ते अंगातच असावयास हवे. उलट नावेच्या दोन्ही टोकांना थर्मोकोल किंवा बंद डबे बसवावयाचे ते मात्र पट्ट्यांनी पक्के जखडले पाहिजेत, कारण सुटे असतील तर पाणी भरताच ते वाहून जातील आणि नाव तळाला जाईल.

योजनेतील पोकळी

आता शासनाकडे पाहू गेल्यास चित्र असे दिसते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली २०,०५० कोटी रुपयांच्या आराखड्यासह सुरू झाली. तीत लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला यांना ६० टक्के साहाय्य ठरले. विदर्भातील धीवर आणि भोई समाज राज्याच्या यादीत भटक्या जमातींच्या ‘ब’ गटात मोडतो. केंद्राच्या या वर्गवारीत त्या गटासाठी वेगळा रकाना नाही. परिणामी पिढीजात मासेमारी करणारा पुरुष धीवर चाळीस टक्क्यांच्या रांगेत उभा राहतो आणि उरलेले साठ टक्के उभे करता करता त्याची दमछाक होते. खुंट्या, पट्ट्या, जाळ्याचे खोके, बंद कप्पे यांसाठी त्याच्या खिशात काय उरणार? नावेची किंमत अनुदानाच्या हिशेबात येते. ती नाव सुरक्षित करणारी किरकोळ जोडणी येत नाही.

याच योजनेत अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण आहे आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु मृत्यूनंतर पाच लाख देण्याची तयारी असलेल्या व्यवस्थेला मृत्यू टाळणाऱ्या चार नटबोल्टांचा विचार सुचू नये, ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

कायद्याची स्थितीही फारशी निराळी नाही. सागरी मासेमारीसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. गोड्या पाण्यातील नावेला त्याचा स्पर्श नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आणि यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठीही त्यात तरतूद झाली. परंतु कायद्याच्या पुस्तकातील तरतूद आणि पवनीच्या घाटावरील डोंगा यांची गाठ पडणे अद्याप दूरच आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला बियाण्याबरोबर पेरणीचा सल्ला मिळावा असे सर्वांनाच वाटते. मग धीवराला नावेबरोबर ती सजविण्याचा सल्ला का मिळू नये?

उपाय हाताशी आहे

येथे कोणी नव्या निरीक्षकांची फौज मागेल, तर तो उपाय रोगाहून वाईट ठरेल. प्रमाणपत्रासाठी धीवराला तालुक्याच्या खेपा घालावयास लावणे आणि त्या प्रमाणपत्राचा भाव ठरणे, याचा अनुभव इतर क्षेत्रांत पुरेसा आलेला आहे. काम सोपवावयाचे तर मच्छीमार सहकारी संस्थांकडे सोपवावे. विदर्भात तलाव ठेक्याने घेणाऱ्या या संस्था गावोगावी आहेत. प्रत्येक संस्थेतील एक-दोन तरुणांना जोडकाम शिकवावे, त्यांना अवजारांची पेटी द्यावी आणि नावेच्या अनुदानातच जोडणीचा खर्च धरावा. नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि तेलंगखेडी परिसरात त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तलाव त्याच्या अंगणात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी मत्स्यबीज आणि खाद्य यांच्या जोडीला डोंग्याच्या तोलाचा अभ्यास केला, तर तो प्रबंधात पडून राहणार नाही. मात्र शिकविण्यापूर्वी शिकावे लागेल. जुन्या धीवरांनी कोणती गाठ कोठे वापरली, कोणत्या वाऱ्यात जाळे सोडून दिले, याची नोंद प्रथम झाली पाहिजे. नव्या खुंटीला जुन्या हाताचा अनुभव जोडला तरच ती खुंटी वापरली जाईल.

आणि प्रत्येक मृत्यूची नोंद नीट व्हावी. ‘तोल जाऊन’ या शब्दांवर पंचनामा संपू नये. नाव कसली होती, जाळे कोठे होते, दोरी कशाला बांधली होती, जाकीट अंगात होते काय, एवढे चार प्रश्न पोलीस पाटलानेही विचारले तरी दोन-तीन वर्षांत उपायांची दिशा स्पष्ट होईल.

पहिल्या धड्याला मोठा जलाशय लागत नाही. सक्करदऱ्यासारखे काठाजवळचे, गुडघाभर शांत पाणी त्यासाठी पुरे. नव्या नावेत सर्व सामान बांधून ती मुद्दाम पाण्याने भरावी आणि पाहावे: ती तरंगते की तळाला जाते, सामान जागेवर राहते की घसरते, गाठ एका हाताने सुटते की नाही. ही परीक्षा तेथे नापास झाली तर कपडे भिजतील, एवढेच. तीच परीक्षा आज विदर्भातील धीवर वळवाच्या वाऱ्यात, खोल पाण्यावर, एकटा देत आहे.